नव्या संचालकासाठी : विश्वस्त मंडळाशी कामाची घडी कशी बसवायची

मी संस्थेत रुजू झाले आणि चौथ्या महिन्यात खजिनदार काका गेले. वय झालं होतं, आजारीही होते. पण आमच्या चेकवर तिघांपैकी दोघांच्या सह्या लागत. एक सही काकांची, दुसरी अध्यक्षांची, आणि तिसरे सही करणारे विश्वस्त वर्षभरापूर्वीच राजीनामा देऊन मुलाकडे बंगळूरला गेले होते. नवीन नावाचा ठराव घेऊन मी बँकेत गेले. मॅनेजरांनी ठराव वाचलाही नाही, पीटीआरचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा मागितला. उतारा काढून आणला तर त्यावर सात नावं होती आणि काका धरून त्यातली तीन माणसं हयात नव्हती. अकरा वर्षांत एकही बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची खबर देणारा अर्ज, दाखल झाला नव्हता.

बावीस जणांचे पगार दीड महिना अडकले. मंडळातले एक जण म्हणाले, "मॅडम, ऑफिस तुमच्या ताब्यात, तुम्ही बघायला हवं होतं." मी घरी येऊन नवऱ्यापाशी चिडले, की चार महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाने अकरा वर्षांचं काय बघायचं? खरं तर दोघांचंही बरोबर होतं. कुणी काय बघायचं, हे कधी कुणी ठरवलंच नव्हतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेत संचालक, मुख्य कार्यकारी किंवा समन्वयक म्हणून पगारी कामाला लागलेल्यांसाठी आहे, ज्यांच्या वर बिनपगारी विश्वस्तांचं मंडळ आहे. आपल्याकडे बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते : १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. त्यामुळे संस्थेच्या घटनेत ज्यांना 'कार्यकारिणी सदस्य' म्हटलंय तेच धर्मादाय कार्यालयाच्या लेखी 'विश्वस्त' असतात. तुमची संस्था कलम ८ची कंपनी (कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी) असेल तर अर्ज आणि कार्यालयं वेगळी, माणसांचं गणित मात्र हेच.

मंडळाशी नातं बैठकीत जुळत किंवा बिघडत नाही, ते दोन बैठकांच्या मधल्या दोन-तीन महिन्यांत ठरतं, असं माझं मत झालंय. म्हणून खालच्या बऱ्याच पायऱ्या बैठकीच्या बाहेरच्या आहेत.

१. पहिल्या पंधरा दिवसांत कागद गोळा करा

एक फाइल करा आणि त्यात एवढं घाला :

- घटना आणि नियमावली (शेवटची मंजूर दुरुस्ती असलेली प्रत, ऑफिसात हमखास जुनी सापडते)
- पीटीआरचा म्हणजे परिशिष्ट १चा ताजा उतारा
- दाखल केलेले बदल अर्ज, त्यांचे क्रमांक आणि झालेले आदेश
- गेल्या तीन वर्षांचं प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही)
- तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, ऑडिटरच्या शेऱ्यांसकट
- १२अ (संस्थेला आयकरातून सूट) आणि ८०जीचे (देणगीदारांना करसवलत) आदेश, त्यांची मुदत कधी संपते ती तारीख ठळक लिहून
- असल्यास एफसीआरए प्रमाणपत्र (परदेशी देणगी घेण्यासाठी), सीएसआर-१ (कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) आणि सरकारच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक
- सगळ्या बँक खात्यांची यादी आणि प्रत्येक खात्यावर सही करणाऱ्यांची नावं
- प्रत्येक पोर्टलचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो त्याची यादी

शेवटच्या ओळीला हसू नका. आयकराचा ओटीपी आमच्या एका माजी सचिवांच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता.

घटना वाचताना पाच गोष्टी पेन्सिलने अधोरेखित करा : सदस्यसंख्या किती, मुदत किती वर्षांची, गणपूर्ती कितीवर, सभेची नोटीस किती दिवस आधी, आणि व्यवहारावर सह्या कुणाच्या. आमच्या घटनेत नोटीस पूर्ण सात दिवसांची होती. प्रत्यक्षात आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर 'उद्या ११ वा. मीटिंग' एवढंच यायचं. सगळे गुण्यागोविंदाने राहतात तोवर याने काही अडत नाही. पण एखाद्या निवडीवर कुणी हरकत घेतली की पहिला प्रश्न नोटिशीचाच निघतो.

सापळा : पहिल्याच बैठकीत घटना हातात घेऊन नियम शिकवू नका. मी शिकवले. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "ही घटना मीच लिहिलीय, १९८७ साली." पुढचे दोन महिने ते माझ्याशी फक्त 'बरं' आणि 'बघू' एवढंच बोलले.

२. प्रत्येक विश्वस्ताला एकट्याने, त्यांच्या सोयीच्या जागी भेटा

ऑफिसात बोलावू नका, तुम्ही जा. तासभर पुरतो. सोबत अजेंडा नको, वही चालेल. माझे चार प्रश्न ठरलेले असतात. संस्थेत तुम्ही कसे आलात? सध्या संस्थेबद्दल कसली काळजी वाटते? काही घडलं तर तुम्हाला कसं कळवू, फोन, मेसेज की भेटून? आणि आधीच्या संचालकांची कोणती गोष्ट खटकायची? चौथ्या प्रश्नाला बहुतेक जण आधी "छे छे, काही नाही" म्हणतात. चहा येऊ द्या, मग सांगतात.

आमच्या मंडळात एक गृहस्थ होते, सभेत कधी तोंड उघडत नसत. सही करायची, सरबत प्यायचं, निघायचं. त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं की ते तीस वर्षं बँकेत होते. त्यांनी आमच्या कॅशबुकमधल्या तीन चुका तोंडपाठ सांगितल्या. मी विचारलं, सभेत का नाही बोललात? म्हणाले, "विचारलं नाही कुणी." आज ते आमचे खजिनदार आहेत.

दुसऱ्या एका ताईंची ख्याती होती की त्या प्रत्येक गोष्टीला आडव्या येतात. त्यांना भीती वाटत होती, आणि ती अनाठायी नव्हती. विश्वस्ताला निलंबित करण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना कलम ४१डखाली आहे. पगार तुम्ही घेता, नोटीस त्यांच्या घरच्या पत्त्यावर जाते. त्यांच्या एका मैत्रिणीला दुसऱ्या संस्थेत असा अनुभव आला होता. तेव्हापासून मी त्यांच्या सहीसाठी कागद नेला की सोबत आधारभूत बिलांची प्रत लावते. आता आडवं येणं पुष्कळ कमी झालंय.

३. कोण काय ठरवतं, ते एका पानावर लिहा आणि ठराव करून घ्या

या पायरीला वेळ द्या. घाई केली तर नंतर वर्षभर निस्तरावं लागतं. एक कागद घ्या, तीन रकाने पाडा : 'संचालक स्वतः', 'संचालक आणि एक पदाधिकारी', 'पूर्ण मंडळ'. मग रोजची कामं एकेक करून रकान्यांत टाका. आमच्याकडे मंजूर अंदाजपत्रकातला २५ हजारांपर्यंतचा खर्च माझ्याकडे, त्यापुढे एक लाखापर्यंत मी आणि खजिनदार, त्यावर मंडळ. हे आकडे आमचे, तुमच्या उलाढालीप्रमाणे बदला. पैशाखेरीज हेही लिहा : कर्मचारी नेमणं आणि काढणं, पगारवाढ, नवीन देणगीदाराशी करार, नवं गाव किंवा नवा प्रकल्प घेणं, वर्तमानपत्राशी बोलणं, गाडी खासगी कामाला देणं. गाडीच्या ओळीवर आमच्याकडे सगळ्यात लांब चर्चा झाली.

काही गोष्टी मंडळालाही एकट्याने ठरवता येत नाहीत, त्या कागदाच्या तळाशी वेगळ्या लिहा. स्थावर मालमत्ता विकणं, गहाण टाकणं, बक्षीस देणं, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देणं, याला कलम ३६खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. संस्थेसाठी कर्ज काढायलाही कलम ३६अप्रमाणे परवानगी लागते. आणि नेमकं हेच सर्रास विसरलं जातं. अनुदानाचा हप्ता लांबला, पगार थकले, की एखादे भले विश्वस्त म्हणतात, "माझ्याकडून दोन लाख घ्या, आले की परत द्या." हेतू सोन्यासारखा, पण ताळेबंदात ते कर्ज म्हणून दिसतं आणि ऑडिटर विचारतो, परवानगी कुठाय? द्यायचेच असतील तर देणगी म्हणून देता येतील का ते त्यांना आधी विचारा. नसेल जमत तर सीएला विचारल्याशिवाय पैसे खात्यात घेऊ नका.

परदेशी देणगी असेल तर आणखी एक ओळ : २०२०च्या दुरुस्तीनंतर त्या पैशातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो आणि ते पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. मंडळातल्या ज्येष्ठांना जुना ५० टक्क्यांचा नियम आठवत असतो, म्हणून हे लेखी दाखवलेलं बरं.

सापळे : व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सहा अंगठे म्हणजे ठराव नव्हे. घटनेत फिरता ठराव (सभा न घेता कागद फिरवून मंजूर केलेला) चालतो असं लिहिलं असेल तरच तो मार्ग, एरवी सभाच लावा. आणि सही करून ठेवलेले कोरे चेक कितीही सोयीचे वाटले तरी परत करा. ई-सहीचा पेनड्राइव्ह हाही कोरा चेकच आहे. ज्याची सही त्याच्याकडेच तो राहू दे. माझ्या खणात तीन विश्वस्तांचे पेनड्राइव्ह होते आणि पिन त्यांनाच चिकटवलेले होते. पोचपावती घेऊन तिन्ही परत केले तेव्हा "आमच्यावर विश्वास नाही का?" असं उलटंच ऐकावं लागलं.

४. बैठक आदल्या आठवड्यात घ्या

म्हणजे बैठकीचं खरं काम आदल्या आठवड्यात उरका. विषयपत्रिकेबरोबर प्रत्येक मोठ्या विषयाचं एक पानी टिपण पाठवा : काय ठरवायचं आहे, पर्याय कोणते, माझी शिफारस काय, आणि आज नाही ठरलं तर काय होईल. बस. वीस पानांचा अहवाल कुणी वाचत नाही, आणि न वाचल्याचं कबूलही करत नाही.

मग फोन करा. ज्या दोघांचा विरोध होईल असं वाटतं त्यांना आधी. मनवायला नको, फक्त ऐकून घ्या. त्यांचा मुद्दा टिपणात नावानिशी घाला. आपलं म्हणणं छापून आलेलं पाहिलं की माणूस सभेत ते पाचदा सांगत नाही.

पत्रिकेचा क्रमही बदलून घ्या. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय आमच्याकडे चाळीस मिनिटं चालायचा, आणि पैशाचा विषय येईपर्यंत निम्मे जण एसटीच्या वेळा बघत असायचे. आता इतिवृत्त आधीच पाठवतो, सभेत पाच मिनिटांत दुरुस्त्या घेतो आणि लगेच निर्णयाचे विषय. सत्कार, शुभेच्छा आणि फोटो सगळ्यात शेवटी, पोह्यांबरोबर.

आता तो शेवटचा विषय : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. माझ्या पाहण्यातले निम्मे तंटे या एका ओळीतून निघालेत. पोह्यांच्या बशा बाहेर वाजायला लागलेल्या असतात आणि कुणीतरी म्हणतं, आपल्या मागच्या जागेवर एक हॉल बांधून टाकू, माझे एक परिचित निम्मे पैसे देतील. सगळे माना डोलावतात. इतिवृत्तात येतं, 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'. उरलेले निम्मे कुठून आणायचे ते नंतर तुम्ही बघायचं. आम्ही ठराव केला की ऐनवेळच्या विषयांत खर्च, नेमणूक आणि मालमत्ता यांवर निर्णय होणार नाही. त्या क्षणी काय म्हणायचं हेही ठरवून ठेवलंय, "चांगला विषय आहे, टिपण करून पुढच्या सभेच्या पत्रिकेवर घेते." हे वाक्य अध्यक्षांनी म्हटलं तर उत्तम, म्हणून त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.

५. वाईट बातमी त्याच दिवशी, तुमच्याच तोंडून

एकदा ऑडिटमध्ये प्रवासखर्चाची काही व्हाउचरं दोनदा लागलेली निघाली. रक्कम किरकोळ होती. मला वाटलं, आधी चौकशी पूर्ण करू, मग नीट मांडू. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी एका लग्नात पंगतीला अध्यक्षांच्या शेजारी आमचे सीए बसले, आणि जिलबी वाढली जात असताना अध्यक्षांना ते कळलं. व्हाउचरचा प्रश्न आठवड्यात मिटला. "मला पंगतीत कळावं?" हा प्रश्न वर्षभर पुरला.

तेव्हापासून आमचा नियम आहे : पैसा, अपघात, तक्रार, पोलीस किंवा पत्रकार यांतलं काहीही असलं तर अध्यक्षांना त्याच दिवशी फोन, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेसेज. मेसेज असा :

'नमस्कार. ऑडिटमध्ये काल प्रवासखर्चाची चार व्हाउचरं दोनदा लागल्याचं आढळलं. एकूण रक्कम ३,८४० रुपये. संबंधित दोघांकडून लेखी खुलासा मागितला आहे, शुक्रवारपर्यंत येईल. तोवर प्रवासखर्चाची बिलं मी स्वतः तपासते आहे. आपल्याकडून आत्ता काही करण्याची गरज नाही. सोमवारी पुन्हा कळवते.'

काय झालं, किती, काय केलं, पुढे कधी कळवणार. 'आपल्याकडून आत्ता काही करण्याची गरज नाही' ही ओळ विसरू नका, नाहीतर सात फोन येतात.

६. 'थेट सरांना फोन' याची वाट लावू नका, वाट आखा

संस्थापक अजून मंडळावर असतील तर हे होणारच. ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या मावशी, जुने कार्यकर्ते रजा मंजूर झाली नाही की थेट सरांना फोन लावतात. त्यांचं नातं वीस-पंचवीस वर्षांचं, तुमचं चार महिन्यांचं. बंदीचं परिपत्रक काढलंत तर तुमचीच शोभा होईल.

मी सरांना एवढंच म्हटलं, की फोन घ्या, ऐका, फक्त शेवटी एक वाक्य विचारा, "मॅडमना सांगितलंस का?" दोन महिन्यांत फोन निम्म्यावर आले. सरांनाही बरं वाटलं, कारण रजेचे अर्ज मंजूर करायची हौस त्यांनाही नव्हतीच.

एक अपवाद लेखी हवा. तक्रार तुमच्याविरुद्ध असेल तर ती मंडळाकडे जाण्याची वाट उघडीच पाहिजे. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती हवीच. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे पत्ते भिंतीवर लावा.

७. नातेवाईक

थोडक्यात सांगते. विश्वस्ताच्या भाच्याला कंत्राट, सुनेला नोकरी, घरच्या गाळ्याला बाजारभावाहून जास्त भाडं, यांनी आयकराची सूट धोक्यात येऊ शकते. वर्षातून एकदा सगळ्यांकडून हितसंबंधांचं लेखी निवेदन घ्या, तुमचं स्वतःचं सगळ्यात आधी द्या. संबंधित विश्वस्त त्या विषयापुरते बाहेर बसतील आणि तसं इतिवृत्तात लिहिलं जाईल. एकाला लावलं तर भांडण होतं, सगळ्यांना लावलं तर तो रिवाज होतो.

८. इतिवृत्त तीन दिवसांत

बांधलेली वही, पानांना छापील क्रमांक, मध्ये कोरं पान नाही. आमच्या जुन्या वहीत दोन ठरावांच्या मध्ये सोडलेली अर्धी-अर्धी पानं होती, 'नंतर काही घालायचं राहिलं तर' म्हणून. त्या पानांवर मी सचिवांसमोर तिरक्या रेघा मारल्या आणि दोघांनी सही केली.

ठरावाला सूचक, अनुमोदक, रक्कम, कोण करणार, कधीपर्यंत एवढं असू द्या. कुणाचा विरोध असेल तर एका वाक्यात नोंदवा. आमच्या ताईंना नेमकं हेच हवं होतं : हरलो तरी चालेल, बोललो होतो हे वहीत राहू दे. कच्चा मसुदा तीन दिवसांत सगळ्यांना गेला की "असं ठरलंच नव्हतं" हे वाक्य ऐकू यायचं थांबतं.

९. वर्षाच्या तारखा आधीच भिंतीवर लावा

पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत मंडळापुढे, कारण धर्मादाय कार्यालयाला ते वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी द्यायचं असतं. ३१ मार्चला हिशेब बंद. देणगीदारांचं आयकर खात्याला द्यायचं १०बीडी विवरण ३१ मेपर्यंत. ऑडिट सप्टेंबरच्या आत. एफसीआरए असल्यास परदेशी देणगीचं वार्षिक एफसी-४ विवरण ३१ डिसेंबरपर्यंत. या तारखांच्या आधी पंधरा दिवस एकेक सभा टाकली की वर्षाच्या चार-पाच सभा आपोआप ठरतात, आणि "सह्या लागतायत, आत्ता येऊ का घरी?" असं रात्री नऊ वाजता विचारावं लागत नाही.

१०. विश्वस्त बदलला की ९० दिवस मोजायला लागा

कुणी गेलं, राजीनामा दिला, मुदत संपली, नवीन आलं, या प्रत्येक बदलाची खबर कलम २२खाली ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला द्यायची असते. तयार ठेवा : सभेची नोटीस आणि ती पोचल्याच्या सह्या, ठरावाची प्रत, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र आणि ओळखपत्र. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत. एफसीआरए असेल तर पदाधिकाऱ्यांचे बदल गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर वेगळे कळवावे लागतात, आधार क्रमांकासकट.

मृत्यूचा दाखला मागायची वेळ नाजूक असते. मी दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही, पण महिन्याच्या आत जाते, आणि एकटी न जाता मंडळातलं कुणीतरी घेऊन जाते.

आमचे अकरा वर्षांचे बदल जुन्यापासून क्रमाने दाखल करावे लागले. बंगळूरचे काका सहीसाठी स्वतः रेल्वेने आले, आणि काकूंनी डबाभर चकल्या पाठवल्या. पगार त्याआधीच निघाले होते : अध्यक्षांनी आणि त्या बँकवाल्या गृहस्थांनी मॅनेजरांपुढे दोन तास बसून, प्रलंबित अर्जांच्या पोचपावत्या आणि हमीपत्र देऊन, फक्त पगारापुरती सोय करून घेतली. मी बाहेर बाकावर बसले होते, मला आत बोलावलंही नाही. त्या वेळी राग आला होता.

आता ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. विश्वस्ताचं नाव, मुदत कधी संपते, शेवटचा बदल अर्ज क्रमांक, कोणत्या खात्यावर सही, कोणत्या पोर्टलचा ओटीपी. दर सभेच्या आधी सचिव तो उघडून बघतात आणि खाली तारीख टाकतात. तुमच्याकडे असा कागद नसेल तर सोमवारी पहिलं काम तेच करा. उताऱ्यासाठीचा अर्जही त्याच दिवशी टाका, तो हातात यायला वेळ लागतो.